मालक कुठे झोपतात?

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शहराच्या नियोजन खात्याकडून आम्हाला एक पाकीट येतं. आत एकच पान. मी या मालमत्तेची मालक आहे आणि माझं मुख्य वास्तव्य याच पत्त्यावर आहे, असं शपथेवर लिहून द्यायचं. खाली सही, तारीख, आणि सोबत वास्तव्याचे दोन पुरावे. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, विजेचं बिल चालतं, मतदार नोंदणीचा कागद चालतो. माहिती खोटी निघाली तर काय होईल हेही तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं. यंदाचं धरून मी हे पान सात वेळा भरलं आहे.

पाकीट बहुतेक वेळा चुकीच्या पेटीत पडतं. आमच्या परसात एक छोटं घर आहे. त्याला पत्ता मिळाला तो आमच्याच घराच्या आकड्यापुढे 'अर्धा' लावून. टपालात तो अर्धा नेहमी निसटतो. मग आमची पत्रं मागे जातात आणि मागची पुढे येतात. मागच्या घरात राहणारी नर्स रात्रपाळीहून आली की आमचा गठ्ठा दाराशी ठेवून जाते. मी इथे राहते की नाही याची चौकशी करणारं पत्र दर जानेवारीत तिच्याच हातून मला मिळतं.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहतो. आमची गल्ली एका प्लॉटवर एकच कुटुंब अशा झोनमध्ये मोडते. अमेरिकेतल्या शहरांमधली बरीचशी निवासी जमीन अशा झोनमध्ये अडकलेली आहे, आणि या पद्धतीचं मूळ आमच्यापासून फार लांब नाही. बर्कलीने १९१६ मध्ये असा पहिला विभाग आखला असं मानतात. पुढे १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली. त्या निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली आहे. मी तो निकाल वाचला तेव्हा त्या शब्दापाशी बराच वेळ थांबले. भाड्याने राहणारा माणूस वस्तीला शोषतो, ही समजूत शंभर वर्षांपूर्वी न्यायालयाच्या कागदावर आली आणि अजून आमच्या गावच्या फॉर्मात शिल्लक आहे.

परसातल्या या छोट्या घराला इथले लोक ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, इन-लॉ युनिट म्हणतात. सरकारी नाव एडीयू. आमच्या घरात 'मागचं घर'. आम्ही ते खरोखरच माझ्या सासू-सासऱ्यांसाठी बांधलं. दोघं पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर यायचे, सहा महिने राहायचे आणि परत जायचे. सासऱ्यांचे गुडघे गेले होते, आमच्या झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर. म्हणून परसातलं लिंबाचं झाड राखून ६४० चौरस फुटांचं एक तळमजल्याचं घर उभं केलं. पायरी एकही नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, ओटा सासूबाईंच्या उंचीला बेताचा. परवाना २०१८ मध्ये मिळाला. या तारखेमुळेच पुढचं सगळं घडलं.

परवाना हातात देण्यापूर्वी शहराने एका करारावर सही घेतली. मालकाने दोनपैकी एका घरात स्वतः राहिलंच पाहिजे, आणि ज्या दिवशी तो राहणं सोडेल त्या दिवसापासून दुसरं घर भाड्याने देता येणार नाही. करार नोटरीसमोर झाला, काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जमा झाला आणि कायमचा जमिनीला चिकटला. आपल्याकडे सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो तसा. उद्या आम्ही घर विकलं तरी तो उतरत नाही, घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आम्ही राहणारच होतो, सासू-सासरे येणारच होते. सही करायला दोन मिनिटं लागली.

कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये शहरांना अशी दुसरी घरं मंजूर करण्याची वाट कायद्याने आखून दिली आणि अर्जदार मालकाने तिथे राहावं अशी अट घालण्याची मुभाही दिली. पुष्कळ शहरांनी ती अट उचलली. २०१६ मध्ये राज्याने नियम सैल केले. मुख्य घराच्या भिंतींच्या आतच काढलेल्या, जास्तीत जास्त ५०० चौरस फुटांच्या 'ज्युनिअर' घराची सोयही त्याच वर्षी आली, पण तिलाही मालकाच्या वास्तव्याची अट जोडलेली होती. मग २०१९ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की १ जानेवारी २०२० ते १ जानेवारी २०२५ या काळात परवाना मिळालेल्या एडीयूवर कोणत्याही शहराने ही अट लादायची नाही. २०२३ मध्ये ही बंदी पुढेही कायम केली.

आमच्या समोरच्या घराच्या मागे २०२१ मध्ये असंच घर झालं. आमच्यापेक्षा थोडं मोठं, ७०० चौरस फुटांच्या आसपास. त्यांच्या दस्तावर काही नाही. त्यांना जानेवारीत पाकीट येत नाही. ७५० चौरस फुटांखालच्या घरांना शहराचं विकास शुल्कही तोपर्यंत माफ झालं होतं. आम्ही ते भरलं होतं. शुल्काचं दुःख मी केव्हाच सोडून दिलं आहे. पण एकाच गल्लीत, एकाच झोनमध्ये, समोरासमोरच्या दोन घरांपैकी एकाच्या मालकाने रात्री कुठे झोपावं हे शहर ठरवतं आणि दुसऱ्याला विचारतही नाही, हे मला आजही पटत नाही. नियोजन खात्याच्या खिडकीवरच्या बाईंना मी हे विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची परवान्याची तारीख आधीची आहे."

पुराव्यांचा त्रास किरकोळ म्हणावा असा आहे, पण तो दरवर्षी होतो. विजेचं बिल त्यांना चालतं, परंतु आमच्या दोन्ही घरांना मिळून मीटर एकच आहे. त्या बिलावरून मी इथे राहते हे सिद्ध होत नाही आणि राहत नाही हेही होत नाही. मी ग्रीन कार्डावर आहे, त्यामुळे मतदार नोंदणी नाही. कॅलिफोर्नियात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मालमत्ताकरात एक छोटी सवलत मिळते. घराच्या मूल्यांकनातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. ती सवलत मुख्य वास्तव्य असलेल्यालाच मिळते आणि आम्हाला ती काउंटीने दिलेली आहे. काउंटीच्या कर कार्यालयाला जे माहीत आहे ते शहराला परत परत का सांगावं लागतं, असं मी एका वर्षी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या जानेवारीत पाकीट आलं.

मध्ये वकिलाच्या सल्ल्याने आम्ही घर कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये टाकलं. इथे मुलं असलेली बरीच मंडळी ते करतात, म्हणजे माघारी वारसाचा खटला लांबत नाही. दोन महिन्यांत शहराचं पत्र आलं: मालकाचं नाव बदललेलं दिसतं, ट्रस्ट घरात राहू शकत नाही, तरी खुलासा करावा. खुलासा केला. २०२१ मध्ये कर्जाचा दर उतरला म्हणून कर्ज बदलून घ्यायला गेलो, तर नव्या बँकेचा माणूस त्या करारापाशी अडला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. उद्या हप्ते थकले आणि घर बँकेच्या ताब्यात गेलं तर बँक काही त्यात राहायला येणार नाही; मग करारानुसार मागचं घर भाड्याने देता येणार नाही आणि तारणाची किंमत घसरेल. शहराकडून एक पत्र आणा म्हणाला. ते मिळायला तीन आठवडे लागले. परसात घर बांधू पाहणाऱ्या साध्या पगारदार माणसाला कर्ज मिळणं ही अट किती अवघड करते, ते मला तेव्हा कळलं. बाहेरच्या गुंतवणूकदाराला रोखायला म्हणून आणलेली अट खिशात रोकड नसलेल्यालाच जास्त रोखते.

सासरे नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यात गेले. आम्ही तिघंही, नवरा, लेक आणि मी, मिळेल त्या विमानाने निघालो आणि पाच आठवडे तिथे राहिलो. मागच्या घरात तोवर ही नर्स राहायला आली होती, कारण प्रवास झेपत नसल्याने सासू-सासऱ्यांचं येणं वर्षभरापूर्वीच थांबलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात पाहुणे असताना, मला तिचा मेसेज आला. शहराचा निरीक्षक येऊन गेला होता. कोणीतरी शेजाऱ्याने कळवलं होतं की मालक दिसत नाहीत, पुढच्या घराचे कचऱ्याचे डबे दोन आठवडे रस्त्यावर आलेले नाहीत, आणि मागे मात्र भाडेकरू आहे. रात्रपाळी करून झोपलेल्या त्या बाईला दार वाजवून उठवलं आणि विचारलं, मालक कुठे झोपतात?

तिने खरं ते सांगितलं. मालकांच्या घरी मृत्यू झाला आहे, ते भारतात आहेत. निरीक्षकाने दारावर नोटीस डकवली आणि गेला. आम्ही परत आल्यावर मी खात्यात गेले, तिघांचे बोर्डिंग पास दाखवले, मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली. फाईल बंद झाली. तिथल्या माणसाने सहानुभूतीही दाखवली. तक्रार आली की पाहावं लागतं, म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. पण सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला झोनिंगच्या फाईलमध्ये का लावावा लागला, याचं उत्तर मला कोणाकडूनच मिळालेलं नाही. आणि त्या नर्सला काय वाटलं असेल? तिचा काही संबंध नव्हता. तिने भाडं वेळेवर दिलं होतं आणि आमच्या कुंड्यांना पाणी घातलं होतं.

या अटीच्या बाजूने बोलणारे लोक वाईट नाहीत. आमच्याच गल्लीतले एक वयस्क गृहस्थ नगरपरिषदेच्या सभेत म्हणाले की मालक जागेवर असला म्हणजे घर नीट राहतं, गोंगाट होत नाही, कोणी दहा घरं विकत घेऊन वस्तीची धर्मशाळा करत नाही. त्यांची भीती मला समजते. त्यांनी ४० वर्षं ही गल्ली जपली आहे. पण गोंगाटाला गोंगाटाचा नियम आहे, पार्किंगला पार्किंगचा आहे, कचऱ्याला कचऱ्याचा आहे. रात्री-दोन रात्रींच्या पाहुण्यांची भीती असेल तर एडीयूचं भाडं ३० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचंच असलं पाहिजे अशी अट शहराला घालता येते, आणि आमच्या शहराने ती घातली आहे. मी ती पाळते. घरातून काय त्रास होतो हे पाहण्याचा हक्क शहराला जरूर आहे. घराचा मालक कोणत्या गावी झोपतो, हा त्रास नव्हे.

त्याच सभेत मला एक गोष्ट सांगायची होती. बोलायला मिळालेली तीन मिनिटं संपली म्हणून राहिली. याच गल्लीत पाच घरं सबंधच्या सबंध भाड्याने दिलेली आहेत. एकाचा मालक टेक्ससमध्ये असतो, त्याला आम्ही कोणी कधी पाहिलेलं नाही. त्याला शहर काही विचारत नाही, कारण त्याच्या परसात दुसरं घर नाही. मी मागचं घर पाडलं तर मीही पुढचं घर भाड्याने देऊन पुण्यात दहा वर्षं राहू शकते. एका कुटुंबाला राहण्यासाठी जास्तीचं छप्पर उभं केलं, म्हणून माझ्यावर बंधन आहे.

माझे सासरे सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वाढले. वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. मालक मुंबईला. भाडं घ्यायला महिन्यातून एकदा यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. वाड्याचा चौक झाडायचे भाडेकरू, नळाची पाळी लावायचे भाडेकरू, गणपतीत रंग काढायचे तेही भाडेकरूच. सासरे हे सांगताना वाड्याला 'आमचा वाडा' म्हणत. मालक जवळ नसला की घर बिघडतं, असं मला कोणी म्हटलं की मला तो वाडा आठवतो.

हा प्रश्न न्यायालयांतही गेलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली ब्रुकहेवनच्या खटल्यात अशी अट ग्राह्य ठरली. नॉर्थ कॅरोलिनात विल्मिंग्टन शहराने गॅरेजवरच्या खोलीसाठी मालकाने तिथे राहण्याचा आग्रह धरला, तेव्हा २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उलट निकाल दिला: शहराला जमिनीचा वापर ठरवता येतो, मालकी कोणाची आणि मालक कुठे राहतो हे झोनिंगने ठरवायचं नसतं. माझ्या मते हे दुसरं न्यायालय बरोबर आहे. सिअ‍ॅटलमध्ये मालकाने वर्षातून सहा महिने तरी तिथे राहावं असा नियम होता. विरोधी अपिलांमध्ये काही वर्षं गेल्यावर २०१९ मध्ये शहराने तो काढला. त्याच वर्षी ओरेगॉनने आपल्या शहरांना ही अट घालायला मनाई केली. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने २०२४ च्या कायद्याने तेच केलं. आणि जिथे झोनची ही पद्धत सुरू झाली त्या बर्कलीच्या नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२१ मध्ये एका-कुटुंबाचा झोन संपवण्याचा ठराव एकमताने केला. आमच्यासारख्या २०२० पूर्वीच्या परवान्यांचे जुने करार मात्र नोंदणी कार्यालयांत तसेच पडून आहेत.

यंदा जूनमध्ये सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि फ्लॅटमध्ये एकट्या. नवऱ्याच्या कंपनीने त्याला वर्षभर पुण्याच्या ऑफिसातून काम करायची परवानगी दिली आहे. मी भाषांतराचं काम करते, ते कुठूनही होतं. लेक कॉलेजच्या वसतिगृहात. आम्ही दोघांनी जावं, दहा-बारा महिने राहावं, त्या पुन्हा चालू लागेपर्यंत त्यांच्याजवळ असावं, हे आमच्या घरात चर्चा न करता ठरलं.

मग मी करार पुन्हा वाचला. आम्ही वर्षभर नसलो तर पुढचं घर रिकामं ठेवलं तरी ते मुख्य वास्तव्य राहत नाही, आणि मागचं भाड्याने ठेवता येत नाही. म्हणजे त्या नर्सला जायला सांगावं लागेल. तीन वर्षं ती तिथे आहे. तिचं हॉस्पिटल सायकलच्या अंतरावर आहे. या गावात तेवढ्या भाड्यात दुसरी जागा तिला मिळणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. नियमात अपवाद आहेत का ते पाहिलं. लष्करी नेमणुकीवर गेलेल्यांना सूट आहे. विद्यापीठातून अभ्यासरजेवर गेलेल्यांना एक वर्षाची सूट आहे. आजारी आईबापांकडे जाणाऱ्यांचा उल्लेख नाही. ज्या घराला लोक सासूचं घर म्हणतात, त्याच्या नियमांत सासू आजारी पडू शकते हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

करार उतरवून द्यावा असा अर्ज मी मार्चमध्येच केला होता. राज्याने ही अट कायमची काढल्यावर आमचा करार ठेवण्यात काही अर्थ उरला नाही, असं मला वाटलं. खिडकीवर सांगितलं गेलं की नवा कायदा शहराला अट लादायला मनाई करतो, पण तुमच्यावर ती आधीच लादलेली आहे. ती काढायची की नाही यावर शहराच्या वकिलांचं मत लागेल. अर्जाची फी घेतली. जुलैमध्ये मी सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचे कागद जोडले. सप्टेंबरमध्ये विचारायला गेले तेव्हा मत अजून आलेलं नव्हतं. आमची तिकिटं २९ नोव्हेंबरची आहेत.

मी शहराकडे सवलत मागत नाही. २०२० पूर्वीचे हे सगळे करार एका ठरावाने रद्द करावेत, एवढंच मागते आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसे लागत नाहीत. नगरपरिषदेच्या सभेत १५ मिनिटं लागतील. आमच्यासारखी आणखी किती घरं गावात आहेत ते खात्याला माहीत आहे, कारण जानेवारीत पाकिटं तेच पाठवतात.

तुमच्यापैकी ज्यांनी इथे २०२० पूर्वी परसात घर बांधलं असेल, त्यांनी काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून आपल्या दस्ताची प्रत काढून आणावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावी. हे बंधन त्यात असेल तर ते उतरवून देण्याचा अर्ज आत्ताच करावा, आईवडील धडधाकट आहेत तोवर. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा.